तोंड वाकडे झाले : कोणाकडे जावे आणि किती लवकर?

चेहऱ्याचा लकवा, तोंड वाकडे होणे, वारे जाणे, अर्दित अशा निरनिराळ्या नावांनी ज्याचा उल्लेख होतो, त्या एकाच तक्रारीबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत आणि जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्या घरात झाला तसाच उशीर कितीतरी घरांत झालेला मी कान-नाक-घसा विभागात रोज पाहतो आणि तो टाळता आला असता असे प्रत्येक वेळी वाटते.

प्रश्न : माझे यजमान टेम्पो चालवतात, वय ४१. मंगळवारी सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून गळू लागले. आरशात पाहिले तर तोंड डावीकडे ओढले गेले होते आणि उजवा डोळा मिटत नव्हता. घरच्यांनी शेजारच्या गावात लकव्यावर औषध देणाऱ्या माणसाकडे नेले. त्याने कबुतराचे रक्त गालावर चोळले, तीन वाऱ्या करायला सांगितल्या आणि तोवर डॉक्टरकडे गेलात तर गुण येणार नाही, असे बजावले. आज पाचवा दिवस आहे, डोळा लाल झाला आहे. मेंदूच्या डॉक्टरांकडे जावे की कानाच्या?
(एक भगिनी, सोलापूर जिल्हा)

उत्तर : ताई, आपले पत्र हाती आले त्याच दिवशी आपण दिलेल्या क्रमांकावर फोन करून यजमानांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेण्यास सांगितले होते. ते का सांगितले, हे इतर वाचकांनाही कळावे म्हणून सविस्तर लिहितो.

अचानक तोंड वाकडे झाले की मेंदूचा डॉक्टर की कानाचा, हा प्रश्न नंतरचा असतो. हा मेंदूतला पक्षाघात तर नाही ना, याचा निर्णय आधी व्हायला हवा. माणसाला दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगावे आणि एक हात खाली येतो का ते पाहावे, एखादे साधे वाक्य म्हणायला सांगावे, चालताना तोल जातो का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, असह्य डोकेदुखी आहे का हे विचारावे. यांपैकी काहीही आढळले तर घरी क्षणभरही न थांबता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे, कारण मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. माणूस झोपेतून उठतानाच तोंड वाकडे झालेले असेल, तर ते नेमके कधी झाले हे कोणालाच सांगता येत नाही आणि म्हणून घाई अधिकच करायला हवी.

आणखी एक खूण कपाळावर दिसते. रुग्णाला भुवया उंचावून कपाळाला आठ्या घालायला सांगाव्यात. चेहऱ्याच्या वरच्या भागाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा पोहोचतात, त्यामुळे मेंदूच्या एका बाजूला इजा झाली तरी कपाळ सहसा हलते आणि फक्त ओठाचा कोपरा लोंबतो. उलट, मेंदूतून निघून चेहऱ्याकडे येणारी नसच बिघडली असेल तर त्या बाजूचे कपाळ सपाट राहते, डोळा मिटत नाही आणि तोंडही ओढले जाते. आपण केलेल्या वर्णनावरून यजमानांचा त्रास दुसऱ्या प्रकारचा वाटतो. मात्र मेंदूच्या बुंध्याशी झालेल्या इजेतही कपाळ लुळे पडू शकते, म्हणून या एका खुणेवर विसंबून कोणीही घरच्या घरी निदान करू नये. शंका असेल तर तो पक्षाघात आहे असेच समजून धावपळ करावी आणि नंतर तो नव्हता असे निघाले तर आनंद मानावा.

आता त्या नसेविषयी. कवटीतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्यांपैकी ही सातवी. कानामागच्या हाडातून सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या अरुंद, वाकड्या बोगद्यातून ती जाते, कानाखाली बाहेर पडते आणि गालातल्या लाळग्रंथीत शिरून फांद्यांसारखी पसरते. नसेला सूज आली तर हाडाच्या बोगद्यात पसरायला जागा नसते, ती आवळली जाते आणि आज्ञा पुढे जाणे थांबते. अशा, अन्य कारण न सापडणाऱ्या लकव्याला बेल्स पाल्सी म्हणतात. सर चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाने १८२१ मध्ये या नसेविषयी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला होता, त्याच्यावरून हे नाव पडले. पुष्कळ संशोधकांच्या मते सुप्तावस्थेत असलेला नागिणीच्या जातकुळीतला विषाणू पुन्हा जागा होणे हे यामागचे कारण असावे. खिडकीतला गार वारा किंवा पंखा हे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे ‘टेम्पोची काच उघडी ठेवली म्हणून झाले’ असा दोष यजमानांना कोणी देत असेल तर तो त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

या विकारावर ज्याची उपयुक्तता पक्की ठरली आहे असे औषध म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि त्या लक्षणे दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दहा दिवस घेतलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्णांचा चेहरा तीन महिन्यांत पूर्ववत झाला होता, तर न घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ६४ टक्के होते. नऊ महिन्यांनी हेच आकडे ९४ आणि ८२ असे होते. त्याच अभ्यासात नागिणीवरच्या विषाणूरोधक गोळ्यांचा वेगळा लाभ दिसला नाही. म्हणून केवळ विषाणूरोधक गोळ्या देऊन कोणी पाठवले असेल तर स्टेरॉइडविषयी आवर्जून विचारावे. कानात किंवा तोंडातल्या टाळूवर बारीक पाणीदार फोड आले असतील, कान ठणकत असेल, ऐकू कमी येत असेल, तर मात्र ती नागीणच असते, तिला रॅमसे हंट विकार म्हणतात आणि तिथे विषाणूरोधक औषध लागतेच.

औषध न घेणाऱ्यांचे आकडे पाहिले तर त्या गावच्या माणसाकडे गर्दी का होते हे समजते. काहीही औषध न घेतलेल्या रुग्णांच्या अन्य अभ्यासांनुसार शंभरातील सुमारे ७० जण कालांतराने पूर्ण बरे होतात. त्या सत्तरांपैकी जे कबुतराचे रक्त चोळून आलेले असतात ते मनापासून सांगतात की आम्हाला गुण आला. ते खोटे बोलत नाहीत, परंतु उरलेल्या तिसांतले किती जण तीन दिवसांत गोळ्या मिळाल्या असत्या तर आज सरळ हसू शकले असते, हे त्या अंगणात कोणी मोजत नाही. ‘डॉक्टरकडे जाऊ नका’ ही अट या प्रकारात सर्वांत घातक आहे. ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांच्याशी वाद घालण्याचा माझा हेतू नाही. माझी कळकळीची विनंती एवढीच आहे की आधी दवाखान्यात जावे. आणि कोणत्याही पक्ष्याचे रक्त न मिटणाऱ्या डोळ्याच्या जवळपासही जाऊ देऊ नये.

आपल्या बाबतीत ७२ तास उलटून गेले आहेत. तरीही आशा संपलेली नाही. पाचव्या दिवशी गोळ्या सुरू करायच्या की नाही हे लकव्याचे प्रमाण आणि रुग्णाची प्रकृती पाहून डॉक्टर ठरवतील, आणि वर सांगितल्याप्रमाणे आपोआप बरे होण्याची शक्यताही मोठी आहे. डॉक्टर कोणता, याचे उत्तर असे की एमडी फिजिशियन, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ यांपैकी जो आज भेटेल तो योग्य. मोठ्या शहरातल्या नामवंत डॉक्टरची सोमवारची वेळ मिळाली म्हणून शुक्रवारपासून वाट पाहणे चुकीचे आहे. तपासणारा डॉक्टर कानात डोकावून पाहतो का, गालावर कानाखाली गाठ चाचपतो का आणि हातापायांची ताकद तपासतो का, एवढे लक्ष ठेवावे. हे नीट तपासून बेल्स पाल्सीचे निदान झाले असेल तर पहिल्याच दिवशी एमआरआयचा खर्च करण्याची बहुधा गरज नसते.

डोळ्याची काळजी मात्र कोणत्याही डॉक्टरची वाट न पाहता घरी सुरू करता येते. पापणी मिटत नसल्याने बुबुळावरचा पातळ पारदर्शक पडदा कोरडा पडतो, त्यावर ओरखडा किंवा फूल पडले तर चेहरा बरा होऊनही नजर कायमची अधू राहते. दिवसा दर तास-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावेत, बाहेर पडताना गॉगल लावावा आणि तूर्त टेम्पो चालवू नये. रात्री झोपताना डोळ्यात मलम घालून वरची पापणी बोटाने हलकेच खाली ओढावी आणि ती पूर्ण मिटली आहे याची खात्री करून मगच कागदी चिकटपट्टी लावावी. उघड्या डोळ्यावर कापसाची किंवा गॉजची घडी ठेवून वरून पट्टी बांधलेली मी अनेकदा पाहतो. ती आतून बुबुळावर घासत राहते, म्हणून तसे कधीही करू नये. डोळा लाल होणे, खुपणे, प्रकाश सहन न होणे, धूसर दिसणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

प्रश्न : माझ्या ६३ वर्षांच्या वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. तोंड वाकडे झाल्यावर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी स्टेरॉइड दिले, पण साखर ३०० च्या पुढे गेल्याने आणि नातेवाइकांनी घाबरवल्याने आम्ही तीन दिवसांत गोळ्या बंद केल्या. चूक झाली का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : डॉक्टरांना न विचारता बंद केल्या, ही चूक झाली. साखर वाढली याची काळजी वाटणे मात्र अगदी रास्त होते. मधुमेहींमध्ये हा लकवा अधिक प्रमाणात आढळतो, त्यामुळे हा पेच नवा नाही आणि त्यावर मार्गही ठरलेला आहे. सकाळी घेतलेली गोळी प्रामुख्याने दुपारची आणि संध्याकाळची साखर वाढवते, उपाशीपोटीची साखर त्या मानाने बरी दिसते. म्हणून ग्लुकोमीटरने जेवणानंतरची आणि संध्याकाळची साखर रोज तपासून ते आकडे मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवावे लागतात, आणि ते त्या काही दिवसांपुरती औषधे वाढवतात किंवा इन्सुलिन देतात. कोर्स संपला की वाढलेली साखरही सहसा खाली येते. स्टेरॉइड या शब्दाची आपल्याकडे जी धास्ती आहे ती महिनोन्महिने, देखरेखीशिवाय घेतलेल्या गोळ्यांमुळे आलेली आहे. सात ते दहा दिवसांचा, डॉक्टरांच्या नजरेखालचा कोर्स ही वेगळी गोष्ट आहे. वडिलांना साखरेच्या नोंदींसह आजच पुन्हा त्याच डॉक्टरांकडे न्यावे आणि गोळ्या स्वतः कधी, किती दिवसांनी बंद केल्या हे न लपवता सांगावे.

प्रश्न : मला सातवा महिना सुरू आहे. काल चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. पोटात बाळ असताना औषध घेता येईल का?
(एक भगिनी, रत्नागिरी)

उत्तर : गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा लकवा अधिक होतो. आपल्या प्रसूतितज्ज्ञांनी आणि कानाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवले तर या महिन्यांत स्टेरॉइड देता येते, आणि ७२ तासांची मर्यादा आपल्यालाही लागू आहे, म्हणून आजच दोघांशी बोलावे. त्याच भेटीत रक्तदाब मोजून घ्यावा आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत, कारण गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आणि हा लकवा काही वेळा बरोबरीने आढळतात.

प्रश्न : सहा महिन्यांपासून माझ्या उजव्या गालाची हालचाल हळूहळू कमी होत गेली. कानाखाली वाटाण्याएवढी गाठ लागते. गावातल्या डॉक्टरांनी लकवा आहे, बरा होईल असे सांगून शक्तीच्या गोळ्या दिल्या आहेत.
(एक वाचक, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : हा बेल्स पाल्सी नाही, असे मी पत्रावरूनही ठामपणे म्हणेन. बेल्स पाल्सी एक-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत पूर्ण जोर धरतो. तो महिनोन्महिने चढत जात नाही. हळूहळू वाढणारा लकवा आणि कानाखाली गाठ हे दोन्ही एकत्र असतील तर गालातल्या लाळग्रंथीची गाठ नसेला गिळत तर नाही ना, हे पाहणे तातडीचे ठरते, आणि त्यासाठी कान-नाक-घसा विभाग व शस्त्रक्रियेची सोय असलेले मोठे रुग्णालय हवे. आपल्याला नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येईल. तिथे गाठीची सुईने तपासणी आणि एमआरआय होईल. नसेचा तुकडा काढावा लागला तर त्याच वेळी दुसरी नस जोडण्याचा विचार व्हावा, हेही विचारून घ्यावे. आज्ञा न मिळालेले स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षात इतके सुकतात की नंतर नस जोडूनही ते हलत नाहीत, त्यामुळे त्या जोडणीला कालमर्यादा असते.

आपल्या पत्रावरून आणखी एक गोष्ट सुचली. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या भागात कुष्ठरोग अजून आढळतो आणि तो चेहऱ्याच्या नसेच्या डोळ्याकडे जाणाऱ्या फांदीला अनेकदा ग्रासतो. तोंड सरळ असूनही पापणी पूर्ण मिटत नसेल आणि अंगावर कुठे बधिर, फिकट चट्टा असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. औषधे मोफत मिळतात, रोग पूर्ण बरा होतो आणि नसेचा अशक्तपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर स्टेरॉइडने तो परतवण्याची चांगली संधी असते. या रोगाचे नाव काढले की घराण्याचा विचार करून लोक गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यात डोळा जातो, म्हणून मुद्दाम लिहिले.

ज्यांचा कान वर्षानुवर्षे वाहतो आहे त्यांचे तोंड वाकडे झाले, तर तेही वेगळे प्रकरण आहे. कानातले हाड कुरतडणारा रोग नसेपर्यंत पोहोचलेला असू शकतो आणि त्याला त्याच दिवशी कानाच्या शल्यविशारदाची गरज असते. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी २९ वर्षांची शिक्षिका आहे. चौदा महिन्यांपूर्वी लकवा झाला, तीन दिवसांत औषध मिळाले, चेहरा बराचसा सुधारला. पण आता हसले की डावा डोळा आपोआप बारीक होतो, आणि जेवताना त्या डोळ्यातून पाणी येते. एका केंद्रात पाच महिने रोज करंट दिला, फुगे फुगवायला आणि च्युइंग गम चघळायला सांगितले. आता ‘यापुढे काही होणार नाही, जमवून घ्या’ असे म्हणतात. वर्गात मुले बघतात म्हणून मी हसणेच सोडून दिले आहे.
(एक भगिनी, पुणे)

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य वाचून वाईट वाटले आणि त्याच्या आधीचे वाक्य वाचून राग आला. चौदा महिन्यांनंतर काही होत नाही, हे खरे नाही.

इजा झालेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढते आणि वाढताना तिचे काही तंतू वाट चुकतात. ओठाकडे जायचा तंतू पापणीकडे पोहोचतो, म्हणून हसण्याची आज्ञा दिली की डोळाही मिटू लागतो. लाळेकडे जायचे तंतू अश्रुग्रंथीकडे गेले तर घास घेताना डोळ्यात पाणी येते. याचा अर्थ आपली नस मेलेली नाही. तिने उलट भरपूर वाढ केली आहे, पण ती वाढ शिस्तीत झालेली नाही. अशा वेळी जोर लावून करायचे व्यायाम उपयोगाचे नाहीत. फुगा फुगवताना चेहऱ्याचे सगळे स्नायू एकदम आवळले जातात आणि नको असलेली तीच जोडी घट्ट होते. च्युइंग गमचे तर कारणच नाही, कारण चघळण्याचे स्नायू सातव्या नसेवर चालतच नाहीत, ते पाचव्या नसेवर चालतात. विजेच्या झटक्यांनी या लकव्यात फायदा होतो असे उपलब्ध अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. आपण पाच महिने रोज हेलपाटे घालून निष्ठेने केलेल्या मेहनतीला मी कमी लेखत नाही, पण ती मेहनत चुकीच्या दिशेने करून घेतली गेली.

आता आरशासमोर बसून, एकेक हालचाल अगदी हळू आणि लहान करण्याचे प्रशिक्षण हवे. ओठाचा कोपरा अर्धा सेंटिमीटर उचलायचा आणि डोळा हलायला लागला की तिथेच थांबायचे, पुन्हा सैल व्हायचे. दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटे, कित्येक महिने हे करावे लागते. सगळेच फिजिओथेरपिस्ट हे शिकलेले नसतात, म्हणून वेळ घेतानाच ‘चेहऱ्याच्या स्नायूंचे पुनर्प्रशिक्षण आपण करता का’ असे स्पष्ट विचारावे आणि उत्तरात पुन्हा करंटचेच यंत्र आले तर दुसरीकडे जावे. जोडीला डोळ्याभोवतीच्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिन या स्नायू तात्पुरते सैल करणाऱ्या औषधाची अगदी थोडी मात्रा टोचली की डोळा बारीक होणे तीन-चार महिने बरेच कमी होते आणि त्या काळात व्यायामाला यश येते. अश्रूंच्या तक्रारीवरही अश्रुग्रंथीत हेच औषध देतात. हे इंजेक्शन प्लास्टिक सर्जन, नेत्रतज्ज्ञांपैकी पापण्यांचे तज्ज्ञ आणि काही मेंदूविकारतज्ज्ञ देतात. याने पुरेसे झाले नाही तर शस्त्रक्रियेचे पर्यायही आहेत, त्यांची चर्चा प्लास्टिक सर्जनशी करता येईल. पुण्यात शासकीय सोय हवी असल्यास ससून रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागापासून सुरुवात करावी.

पहिल्या भेटीला जाताना कागदपत्रांबरोबर मोबाइलवर एक छोटे चित्रीकरण करून न्यावे. चेहरा शांत असताना, भुवया उंचावताना, डोळे हलके आणि मग घट्ट मिटताना, दात दाखवताना, ओठांचा चंबू करताना, आणि शेवटी कोणीतरी खरोखर हसवल्यावर आलेले हसू, या क्रमाने. दवाखान्यात सांगून आणलेले हसू आणि मनातून आलेले हसू यांत डोळा सारखा वागत नाही, आणि इंजेक्शन कुठे व किती द्यायचे हे डॉक्टरांना त्या दुसऱ्या हसण्यावरूनच कळते.